खान्देशातील गेमिंग कॅफेचालकांना खुले पत्र : 28 फेब्रुवारीसाठी चार मशीन एका रांगेत तयार ठेवा

जळगाव, दिनांक 10 फेब्रुवारी 2025

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील सर्व गेमिंग कॅफेचालक,

सप्रेम नमस्कार.

शुक्रवार, 28 फेब्रुवारी रोजी सकाळी साडेदहा वाजता 'मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स' हा खेळ आपल्याकडे पीसीवर खुला होत आहे. ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीने डिसेंबर 2023 मध्ये त्याची घोषणा केली, तेव्हापासून जळगाव-भुसावळचे आम्ही काही मित्र त्याची वाट पाहत आहोत; आणि धुळे, अमळनेर, शिरपूर, शहादा इकडेही अशी वाट पाहणारे आहेत, हे आम्हाला एकमेकांशी खेळतानाच कळले आहे. या सर्वांच्या वतीने एक विनंती आपल्यापुढे ठेवतो. आपल्या कॅफेतील किमान चार मशीन, एकाच रांगेत शेजारी शेजारी असलेली, या खेळासाठी वेळेत तयार करून ठेवावीत.

आपल्याकडे बहुतेक गिऱ्हाईक वॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक आणि जीटीएसाठी येते, त्यामुळे मॉन्स्टर हंटर ही मालिका आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिलेली नसेल. यात एका शिकारीला जास्तीत जास्त चार शिकारी जातात. समोर एकच अजस्र प्राणी असतो आणि त्याला पाडायला बहुधा पन्नास मिनिटांची मुदत असते. चौघांत मिळून तीनदा कोणी बेशुद्ध पडले, मग ते तिघे वेगवेगळे असोत की एकच गडी तीनदा पडलेला असो, मोहीम सर्वांचीच फसते. हत्यारांचे चौदा प्रकार आहेत आणि प्रत्येकाची चाल इतकी निराळी आहे की एकात मुरलेला माणूस दुसरे हाती घेतले की नवशिक्यासारखा चाचपडतो. नुसते जास्त वेळ खेळून शिकाऱ्याच्या अंगची ताकद वाढत नाही. मारलेल्या प्राण्याचे खवले, कातडे, शिंगे आणि नखे आणून त्यांचे हत्यार आणि चिलखत घडवायचे, ते घालून त्याहून मोठ्या प्राण्यावर जायचे, आणि बाकी सगळे स्वतःच्या सरावावर सोडायचे, अशी याची रीत आहे. म्हणून यात जिंकलेली गोष्ट खरोखर कमावल्यासारखी वाटते, आणि चौघांनी मिळून कमावलेली असेल तर अधिकच. गावाकडे एकट्याला न उरकणारे शेतातले काम उरकायला जशी इर्जिक घालतात, तशी ही चौघांची शिकार असते.

एकत्र बसून खेळण्याचे महत्त्व या मालिकेच्या घडणीतच आहे. पहिला भाग 2004 मध्ये प्लेस्टेशन 2 वर आला, परंतु जपानमध्ये ती घराघरांत पोहोचली ती 2005 च्या अखेरीस हातातल्या पीएसपीवर आल्यानंतर, कारण त्या यंत्रांना इंटरनेटची गरज न लागता ती जवळच्या जवळ एकमेकांशी जोडली जात. शाळा-महाविद्यालयांतली मुले आणि कामावरून परतणारी माणसे उपाहारगृहात टेबलाभोवती बसून शिकार करू लागली. आपल्याकडे ती सोय फारशी कोणाच्या वाट्याला आली नाही. ऑगस्ट 2018 मध्ये 'मॉन्स्टर हंटर वर्ल्ड' पीसीवर आला तेव्हा कुठे आमच्यासारख्यांना ही दुनिया खुली झाली, आणि तीही आपापल्या घरात, आपापल्या खोलीत, हेडफोन लावून. जे शेजारी बसून सहज जमते, म्हणजे झोपवलेल्या मॉन्स्टरच्या डोक्याशी स्फोटकांची पिंपे रचून चौघांनी एकाच क्षणी त्याला उठवणे, किंवा त्याने मान वळवताच शेजाऱ्याला कोपर मारून सावध करणे, ते तुटक्या आवाजाच्या कॉलवर जमत नाही. ती बैठक खान्देशात कोणी देऊ शकत असेल, तर ते आपणच आहात.

आता याच भागासाठी एवढा आग्रह का, तेही सांगतो. 'वर्ल्ड'नंतर 2019 मध्ये त्याचा 'आइसबोर्न' हा विस्तार आला आणि 2021 मध्ये 'राइज' आला. 'राइज' आम्ही मनापासून खेळलो, पण तो मुळात निन्टेंडो स्विचसारख्या लहान यंत्रासाठी घडवलेला असल्यामुळे त्यातले रान आटोपशीर होते. 'वाइल्ड्स'चे दिग्दर्शन 'वर्ल्ड'चेच दिग्दर्शक युया तोकुदा करत आहेत, आणि कानामे फुजिओका व निर्माते र्योझो त्सुजिमोतो हे मालिकेचे जुने जाणकारही सोबत आहेत. त्यामुळे 'वर्ल्ड'मध्ये सुरू झालेले काम, म्हणजे एक जिवंत रान उभे करण्याचे काम, इथे पुढे जाईल असा आम्हाला भरवसा आहे.

आतापर्यंत दाखवलेल्या गोष्टींतून तो भरवसा वाढलाच आहे. या खेळातल्या भूमीला तीन ऋतू आहेत. पहिल्यात गवत वाळते, भक्ष्य कमी पडते आणि हिंस्र प्राणी टोळ्या करून फिरू लागतात. दुसऱ्यात वादळ येते. विंडवर्ड प्लेन्स नावाच्या मैदानात धुळीचा लोट उठतो, विजा कोसळू लागतात आणि विजेने हल्ला करणारा रे डाऊ हा तिथला बलाढ्य प्राणी बाहेर पडतो. वादळ ओसरले की तेच रान हिरवे होते, नाले भरतात, लहान प्राण्यांचे कळप चरायला येतात. एप्रिल-मे महिन्यांतली तापीकाठची उन्हे, त्यानंतर केळीच्या बागा आडव्या करणारी वावटळ आणि मग आठ-दहा दिवसांत सातपुड्याच्या उतारावर चढणारा हिरवा रंग ज्याने दरवर्षी पाहिला आहे, त्याला हे चक्र समजावून सांगावे लागणार नाही. दोशागुमा नावाचे अस्वलासारखे प्राणी कळपाने चाल करून येतात, तेव्हा त्यातल्या एकाला वेगळे काढणे हीच पहिली लढाई असते. सेक्रेट या स्वारीच्या प्राण्यावर बसून दुसरे हत्यार बरोबर नेता येते आणि धावता धावता बदलता येते. प्राण्याच्या अंगावर एकाच जागी घाव घालत राहिले की तिथे जखम उघडी पडते आणि नेम धरून तिच्यावर निर्णायक वार करता येतो. शिवाय पीसी, प्लेस्टेशन 5 आणि एक्सबॉक्स यांवरचे खेळाडू पहिल्या दिवसापासून एकत्र शिकार करू शकतील. 'वर्ल्ड'मध्ये ही सोय नव्हती, आणि ज्यांच्याकडे प्लेस्टेशन आहे असे आमचे मित्र त्यामुळे कायम बाहेर राहिले.

खेळाचा पहिला बीटा, म्हणजे चाचणीसाठी दिलेला भाग, सर्वांसाठी खुला झाला तो 1 नोव्हेंबर 2024 रोजी, म्हणजे ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. पुण्या-नाशिकला शिकायला आणि नोकरीला गेलेले मित्र दिवाळीला घरी आलेले होते, म्हणजे चौघे जमण्याची वर्षातली सर्वांत सोपी वेळ होती. परंतु आमच्यातल्या बहुतेकांची यंत्रे जुनी असल्यामुळे एकाच्या घरी एकाने खेळायचे आणि बाकीच्यांनी पाहायचे, एवढेच होऊ शकले. कमी ताकदीच्या यंत्रांवर माणसे आणि मॉन्स्टर कागद दुमडून केल्यासारखे बोजड कोनांचे दिसत होते, ही तक्रार त्या वेळी जगभरातून झाली आणि सुधारणा करत असल्याचे कंपनीने पुढे सांगितले. खान्देशातल्या सर्वसाधारण घरातल्या मुलाकडे, बीसीए किंवा अभियांत्रिकीसाठी घेतलेल्या लॅपटॉपपलीकडे काही नसते, आणि या खेळाला तो लॅपटॉप पुरणार नाही. त्यामुळे हा प्रश्न घरी सुटण्यासारखा नाही.

तो कॅफेत सुटू शकतो का, याचा आम्ही जमेल तेवढा अभ्यास केला आहे. सुधारित माहितीनुसार किमान पातळीवर 16 जीबी रॅम, जीटीएक्स 1660 च्या तोडीचे ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडीवर 75 जीबी जागा लागते. पूर्वी हाच जागेचा आकडा 140 जीबी सांगितला होता, तेव्हा हा मोठा दिलासा आहे. पण किमान पातळीचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा : चित्र मुळात 720पी मध्ये तयार करून ते 1080पी पर्यंत ताणले जाते आणि तेही सेकंदाला तीस फ्रेमने. शिफारस केलेल्या पातळीला आरटीएक्स 2060 सुपर किंवा त्या तोडीचे कार्ड धरले आहे आणि तिथे साठ फ्रेमचे आश्वासन आहे, परंतु त्यात फ्रेम जनरेशन चालू असल्याचे गृहीत आहे. ही पद्धत दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक बनवलेली फ्रेम घालते, त्यामुळे डोळ्यांना चाल गुळगुळीत दिसली तरी बटण दाबल्यावर हत्यार उठण्याचा वेळ कमी होत नाही, उलट किंचित वाढतो. ज्या खेळात मॉन्स्टरची शेपटी फिरण्याच्या क्षणालाच लोळण घ्यायची असते, तिथे हा फरक हाताला जाणवतो. म्हणून आपल्या मशीनवर मीटर साठ दाखवते एवढ्यावर समाधान मानू नये, अशी कळकळीची सूचना आहे.

कंपनीने 5 फेब्रुवारीला स्टीमवर, म्हणजे पीसी खेळांच्या ऑनलाइन दुकानावर, एक बेंचमार्क, म्हणजे हा खेळ मशीनवर कसा चालेल ते मोजणारा प्रोग्राम, मोफत दिला आहे. तो प्रत्येक मशीनवर चालवून पाहावा. शेवटी जो सरासरी आकडा येतो त्यात सुरुवातीच्या चित्रफितीचा वाटा मोठा आहे आणि तिथे मशीनला फारसा ताण नसतो. खरी परीक्षा कळपांनी भरलेल्या मोकळ्या मैदानात आणि वस्तीत शिरताना होते, तेव्हा त्या वेळचा आकडा वेगळा टिपून ठेवावा. शुक्रवार, 14 फेब्रुवारीच्या सकाळपासून शनिवार-रविवार धरून बीटाची आणखी एक फेरी आहे. ही फेरी जुन्याच बांधणीवर असून नंतरच्या सुधारणा तिच्यात नाहीत, असे कंपनीने स्पष्ट केले आहे. त्यामुळे वेगाचा अंदाज बेंचमार्कवरून घ्यावा आणि बीटाचा उपयोग चौघांना शेजारी बसवून जोडणी, आवाज आणि कंट्रोलर तपासण्यासाठी करावा.

डाउनलोडचा बोजा अनेक कॅफेचालकांना, विशेषतः तालुक्याच्या ठिकाणी, मोठा वाटेल. 75 जीबी चार वेळा उतरवायची गरज नाही. स्टीमने 2023 पासून एका मशीनवर असलेला खेळ त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनवर थेट उचलण्याची सोय दिली आहे. दोन्हीकडे स्टीम चालू असले आणि सेटिंगमध्ये ही परवानगी दिलेली असली, की पहिली प्रत इंटरनेटवरून आणि उरलेल्या तीन आपल्याच लॅन केबलवरून येतात. खेळाच्या प्रती आम्ही आपापल्या स्टीम खात्यावर स्वतः विकत घेणार आहोत, त्या विकत घेण्याचा भार आपल्यावर टाकण्याचा विचारही नाही. ज्यांना हे काम अधिकृतपणे आणि मोठ्या प्रमाणावर करायचे आहे, त्यांच्यासाठी स्टीम चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीची पीसी कॅफेसाठी खास योजना आहे. तिची माहिती घ्यावी.

एक बाब मात्र आवर्जून पाहावी लागेल, कारण तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. बहुतेक कॅफेत मशीन पुन्हा सुरू केले की ते मूळ अवस्थेत नेणारे सॉफ्टवेअर बसवलेले असते. ते योग्यच आहे, त्याशिवाय रोज शंभर हातांतून जाणारी मशीन टिकणार नाहीत. परंतु हा खेळ पहिल्यांदा सुरू होताना त्या मशीनच्या कार्डासाठी शेडर, म्हणजे चित्र रंगवण्याच्या छोट्या सूचना, तयार करत बसतो आणि त्याला बराच वेळ लागतो. प्रत्येक वेळी ते पुसले गेले तर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या तासातली सुरुवातीची मिनिटे पडद्यावरची पट्टी पाहण्यात जातील आणि दोष आपल्या मशीनवर येईल. खेळ आणि त्याच्या फाइली पुसल्या न जाणाऱ्या ड्राइव्हवर ठेवाव्यात, आणि ग्राफिक्स ड्रायव्हर 28 तारखेच्या आदल्या रात्री अद्ययावत करून, खेळ खुला झाल्यावर शेडर एकदा तयार करूनच दार उघडावे.

खेळ येतो आहे तो उन्हाळ्याच्या तोंडावर. मार्चच्या मध्यापासून आपल्याकडे काय होते ते आपण जाणता. ग्राफिक्स कार्ड ठरावीक मर्यादेपलीकडे तापले की आपला वेग आपोआप कमी करते, म्हणजे फेब्रुवारीत सुरळीत चाललेले मशीन एप्रिलच्या दुपारी अडखळू लागेल आणि कारण कोणाच्या लक्षात येणार नाही. कॅबिनेट उघडून धूळ काढणे, जिथे कार्ड जुने आहे तिथे थर्मल पेस्ट बदलणे आणि मशीन भिंतीला चिकटवून न ठेवणे ही कामे आत्ताच व्हावीत. ज्या कॅफेत एसी नाही आणि पाण्याचा कूलर आहे, तिथे त्याचा दमट झोत थेट मशीनवर येणार नाही अशी मांडणी करावी. विजेचेही तसेच. शिकार अर्ध्यात असताना दिवे गेले की चौघांची अर्ध्या तासाची मेहनत जाते, त्यामुळे ती चार मशीन आणि राउटर यूपीएसवर असावेत. सबंध कॅफे इन्व्हर्टरवर घेणे परवडत नाही, हे समजते. निदान मोहीम आवरती घेण्यापुरता वेळ मिळाला तरी पुष्कळ झाले.

तासाच्या हिशेबाबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. वॅलोरंटमध्ये तास संपला आणि पडदा बंद झाला तर एका सामन्याचे नुकसान होते. इथे एका शिकाऱ्याचे मशीन बंद पडले की उरलेले तिघे अडचणीत येतात, आणि त्याला स्वतःला त्या शिकारीतले काहीच मिळत नाही. एका कॅफेत आम्हाला हा अनुभव आला आहे. तिथल्या माणसाचा त्यात काही दोष नव्हता, कारण कुलूप सॉफ्टवेअरनेच लावले होते. आमची सूचना अशी आहे की या चार मशीनसाठी दोन तासांची एकत्र बैठक ठेवावी, चौघांचे मिळून एकच बिल करावे आणि चालू शिकार संपेपर्यंतच्या जादा मिनिटांचे पैसे घ्यावेत. पैसे द्यायला कोणाची ना नाही. मध्येच पडदा काळा होऊ नये, एवढेच हवे.

की-बोर्ड आणि माउसवर हा खेळ खेळता येतो, पण बहुसंख्य शिकारी कंट्रोलरच पसंत करतात. दोन कंट्रोलर कॅफेचे असले तरी बाकीचे आम्ही घरून आणू.

ज्यांच्याकडे जीटीएक्स 1050 किंवा त्याहून जुनी कार्डे आहेत त्यांनी या एका खेळासाठी कर्ज काढून मशीन बदलावीत, असे आम्ही म्हणणार नाही. 'राइज' अगदी साध्या कार्डावर आणि 8 जीबी रॅमवर चालतो, स्टीमवर त्याचा मोफत डेमोही आहे. 'वर्ल्ड'ही मध्यम मशीनवर चालतो आणि आजही त्यात सोबती मिळतात. चोपडा, साक्री किंवा नवापूरच्या कॅफेत असे चार 'राइज' शेजारी शेजारी चालू असले, तरी तिथल्या मुलांना ही गोडी लागेल.

उद्यापासून बारावीची आणि 21 फेब्रुवारीपासून दहावीची परीक्षा सुरू होत आहे. 'वाइल्ड्स' नेमका दोन्ही परीक्षा चालू असताना येतो. परीक्षेला बसलेल्या मुलांना या काळात बैठक देऊ नये, अशी आमचीही आपल्याला विनंती आहे, आणि आमच्या ओळखीतल्या मुलांना आम्ही तसे सांगितले आहे. खेळ कुठे पळून जात नाही, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ती मोकळी होतील तेव्हा त्यांना शिकवायला आम्ही स्वतः बसू. गेमिंग कॅफे म्हणजे मुले बिघडण्याची जागा, असे जे पालकांच्या मनात बसले आहे ते आपण आणि आम्ही या काळात कसे वागतो त्यावरच बदलेल. त्याच अनुषंगाने, हा खेळ खेळणाऱ्या मुलीही आमच्यात आहेत आणि कॅफेत यायला त्या कचरतात. धूम्रपान नसलेली, उजेडाची, दर्शनी भागातली रांग या चार मशीनसाठी निवडली तर त्या नक्की येतील.

13 मार्चला होळी आहे. बाहेरगावी असलेले खान्देशी तरुण त्या आठवड्यात घरी येतात, नंदुरबारकडचे तर काठी गावची होळी चुकवतच नाहीत. तोवर खेळ येऊन दोन आठवडे झालेले असतील, सुरुवातीचे दोष दूर करणारे अपडेट आलेले असण्याची शक्यता आहे, आणि आमच्यातले बरेच जण विंडवर्ड प्लेन्स, स्कार्लेट फॉरेस्ट ओलांडून पुढे गेलेले असतील. आपल्या कॅफेत चौघांच्या जाहीर बैठका घ्यायच्या असतील तर 12 ते 16 मार्च हे दिवस धरावेत. त्या दिवसांत नवीन लोकांना हत्यार निवडून देणे, पहिल्या दोन-तीन शिकारींत सोबत करणे आणि गर्दी झाल्यास पाळी लावणे, हे काम आम्ही विनामोबदला करू.

आपल्याकडून आत्ता एवढेच अपेक्षित आहे की बेंचमार्क चालवून चारही मशीनचे आकडे, कार्डाच्या नावासह, शुक्रवार, 14 फेब्रुवारीपूर्वी कॅफेच्या दारावर लावावेत, म्हणजे कोणी कुठे जमायचे हे आम्हाला 28 तारखेच्या आधी ठरवता येईल. मशीनवर काही अडले तर तसेही लिहावे. आमच्यातले काही जण याच क्षेत्रात काम करतात. ते येऊन पाहतील.

कळावे, लोभ असावा.

आपले नम्र,
जळगाव-भुसावळ परिसरातील शिकारी